छोटी गोळी, पाच वर्षं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्रेग जॉर्डन या शास्त्रज्ञाबद्दल लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी आज जगभर लाखो बायका ब्रेस्ट कॅन्सरसाठी घेतात, ती कुणाला द्यायची, किती वर्षं द्यायची, तिच्यामुळे शरीरात आणखी काय काय होतं, हे ज्यांनी जन्मभर उंदरांवर आणि पेशींवर काम करून शोधलं ते हे जॉर्डन, जून २०२४ मध्ये ७६व्या वर्षी गेले. त्या लेखावर खूप मेल आले, सगळ्यांना उत्तरं देणं या जागेत शक्य नाही, म्हणून सारखे सारखे विचारलेले प्रश्न निवडलेत. नावं कुणाचीच छापत नाही.

एक गोष्ट सगळ्या पत्रांत दिसली. ऑपरेशन म्हणजे ट्रीटमेंट, केमो म्हणजे ट्रीटमेंट, आणि गोळी म्हणजे नंतरचं काहीतरी किरकोळ, असं आपल्याकडे धरूनच चालतात. मला याचं फार वाईट वाटतं कारण ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे ज्यांची गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढते अशा, पेशंटच्या बाबतीत ही गोळीच कितीतरी जणींना वाचवते, आणि किरकोळ समजूनच ती मध्येच सोडली जाते.

प्रश्न (सांगली) : आईचं वय ६१. डाव्या बाजूला गाठ होती, ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही झालं. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आलंय. डॉक्टर म्हणाले केमोची गरज नाही, लेट्रोझोलची गोळी रोज एक, पाच वर्षं. आमच्या गल्लीतल्या काकूंना आठ केमो दिल्या आणि आईला नुसती गोळी? खर्चाचा प्रश्न नाही. काही कमी तर पडत नाही ना?

नाही, कमी पडत नाहीये. उलट तुमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट नीट वाचून ठरवलंय असं दिसतं. गल्लीतल्या काकूंचा कॅन्सर वेगळ्या जातीचा असू शकतो, ब्रेस्ट कॅन्सर हा एक आजार नाहीच, एकाच नावाखाली तीन-चार वेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. (पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा तसाच रिसेप्टर, आणि हर-टू म्हणजे पेशीला वाढायला लावणारं एक प्रोटीन.) इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन रक्तातून फिरत असतं, आणि काही पेशींमध्ये त्याला बसायला ठरलेली जागा असते, तिथे ते बसलं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. शिकागो युनिव्हर्सिटीत एल्वुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडून ते शरीरात जातं कुठे हे शोधलं, आणि गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच ते धरून ठेवलं जातं हे दाखवलं. पुढे ब्रेस्टच्या गाठींतही हे तपासायला लागले. ज्या गाठीत ही जागा आहे ती गाठ इस्ट्रोजेनवर जगते, म्हणजे इस्ट्रोजेन तोडलं की तिची उपासमार. ज्या गाठीत जागाच नाही तिला हार्मोनची गोळी देऊन उपयोग नाही, तिथे केमो लागते. आज जगात बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह असतात, आपल्याकडे हे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा थोडं कमी आहे पण तरीही निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच.

आता दोन गोळ्यांतला फरक. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतात ना, टॅमॉक्सिफेन तसं करते, रिसेप्टरच्या जागेवर आधीच जाऊन बसते, मग इस्ट्रोजेन आलं तरी त्याला बसायला जागा नाही. लेट्रोझोल सीटच्या भानगडीत पडत नाही, ती गाडीत प्रवासीच चढू देत नाही. पाळी गेल्यावर ओव्हरीतून इस्ट्रोजेन येणं बंद होतं तरी चरबीत आणि इतर ठिकाणी अ‍ॅरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे ते थोडं थोडं बनतच असतं, लेट्रोझोल ते एन्झाइमच बंद पाडते. म्हणून पाळी गेलेल्या बाईला लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल जास्त चांगली पडते. पाळी चालू असलेल्या बाईला मात्र एकटी लेट्रोझोल चालत नाही, तिथे ओव्हरी बंद करायचं इंजेक्शन सोबत लागतं.

आईला सकाळी उठल्यावर बोटं, गुडघे आखडल्यासारखे वाटतील, तो या गोळीचा नेहमीचा त्रास आहे, रोज चालल्याने बराच कमी होतो. आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भक्कम आहेत ते मोजणारी तपासणी, करून घ्या, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचं डॉक्टरांना विचारा. पैसे खर्च करायची तयारी आहे म्हणताय तर ते यावर करा, नको असलेल्या केमोवर नको.

प्रश्न (पुणे, फार्मसीची विद्यार्थिनी) : टॅमॉक्सिफेन आधी गर्भनिरोधक म्हणून बनवली होती असं लेखात ओझरतं होतं. मग ती कॅन्सरवर कशी आली? आमच्या पुस्तकात दोन ओळीच आहेत.

दोन ओळींत मावणारी गोष्ट नाहीच ही, मागच्या वेळी जागा नव्हती म्हणून राहिली, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

इंग्लंडमध्ये आयसीआय नावाची मोठी केमिकल कंपनी होती, तिचं संशोधन केंद्र चेशायरमध्ये आल्डर्ली पार्कला. तिथे आर्थर वॉलपोल यांच्या हाताखाली संततिनियमनावर काम चालू होतं, म्हणजे संबंधानंतर घ्यायची गोळी सापडते का ते बघणं. त्या टीममध्ये डोरा रिचर्डसन या केमिस्ट होत्या. त्यांनी १९६२ मध्ये एक रेणू बनवला, त्याला नंबर पडला आयसीआय ४६,४७४. हीच पुढे टॅमॉक्सिफेन. या रेणूची दोन रूपं असतात, एकाच रचनेची पण उलटसुलट बांधलेली, आणि त्यातलं एक इस्ट्रोजेनला अडवतं तर दुसरं स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. ती दोन रूपं वेगळी काढली नसती तर औषधच झालं नसतं. फार्मसीच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण टॅमॉक्सिफेनची गोष्ट सांगताना पुरुषांचीच नावं येतात आणि जिने रेणू बनवला ती बाई बाजूला राहते.

उंदरांमध्ये त्या औषधाने गर्भ राहायचा थांबला. पण बायकांमध्ये झालं उलटंच, ते ओव्ह्युलेशन वाढवायला लागलं, म्हणजे मूल होऊ नये म्हणून केलेलं औषध मूल होण्याला मदत करणारं निघालं! गर्भनिरोधक म्हणून ते संपलं तिथेच. पण वॉलपोल यांना कॅन्सरमध्ये आधीपासून रस होता, ते औषध त्यांनी सोडलं नाही. मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये डॉ. मेरी कोल यांनी ते ब्रेस्ट कॅन्सर खूप पसरलेल्या ४६ बायकांना दिलं, १९७१ मध्ये रिझल्ट छापला, १० जणींना फायदा झाला होता. आकडा लहान वाटेल, पण त्या काळी अशा बायकांना इस्ट्रोजेनचेच मोठे डोस किंवा पुरुषी हार्मोन द्यायचे आणि त्याचे त्रास भयंकर असायचे, त्या मानाने या गोळीला बायका सहज सहन करत होत्या. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये परवाना मिळाला. तरी कंपनीला त्यात फार पैसा दिसत नव्हता, शेवटच्या स्टेजच्या थोड्या पेशंटसाठीचं औषध, बाजार केवढा असणार, असा हिशोब.

इथे जॉर्डन येतात. ते लीड्स युनिव्हर्सिटीत याच प्रकारच्या औषधांवर पीएचडी करत होते, विषय असा की त्यात तेव्हा कुणालाच रस नाही, थिसिस तपासायला बाहेरून परीक्षक म्हणून आले ते हे वॉलपोल. ओळख तिथे झाली. १९७२ मध्ये जॉर्डन अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर फाउंडेशनला गेले, गर्भनिरोधक गोळीचं मूळ काम जिथे झालं तीच संस्था, आणि तिथे त्यांनी टॅमॉक्सिफेन कॅन्सरच्या बाजूने तपासायला घेतली. उंदरांच्या माद्यांना डीएमबीए नावाचं रसायन दिलं की त्यांच्या स्तनात गाठी येतात. जॉर्डन यांनी रसायन दिल्यावर लगेच टॅमॉक्सिफेन दिली तर गाठी यायच्या थांबल्या. पुढे लीड्सला परत आल्यावर त्यांनी औषध किती दिवस द्यायचं हे तपासलं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. थोडेच दिवस दिलं तर गाठी उशिरा आल्या पण आल्या. महिनोन् महिने देत राहिलं तर बहुतेक माद्यांना आल्याच नाहीत. म्हणजे हे औषध कॅन्सरच्या पेशीला मारून टाकण्यापेक्षा तिला दाबून धरतं जास्त, हात काढला की ती पुन्हा उठते. त्यावरून ते म्हणायला लागले की ऑपरेशन झाल्यावर, गाठ दिसत नसतानाच, ही गोळी वर्षानुवर्षं द्या. तेव्हा सगळ्यांचा भर केमोवर, लोक फार तर वर्षभर द्यायला तयार.

नंतर मोठमोठ्या ट्रायल झाल्या. ऑक्सफर्डच्या गटाने जगभरच्या ट्रायलचे आकडे एकत्र केले, त्यात ईआर पॉझिटिव्ह बायकांनी पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली तर पुढच्या १५ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले असं निघालं. गोळी बंद केल्यावरही फायदा टिकतो हे त्यात दिसलं.

अजून एक, त्याच वुस्टर फाउंडेशनमध्ये अँजेला ब्रॉडी या बाई अ‍ॅरोमाटेज बंद पाडणाऱ्या औषधांवर काम करत होत्या, वरच्या प्रश्नातली लेट्रोझोल ज्या कुटुंबातली आहे त्या कुटुंबाची सुरुवात त्यांच्या कामाने झाली. म्हणजे सीट अडवणारी गोळी आणि प्रवासी थांबवणारी गोळी, दोन्हींचं मूळ काम एकाच छताखाली चाललं होतं. आणि त्याच्याही आधी, इस्ट्रोजेन हे नावसुद्धा नव्हतं तेव्हा, १८९६ मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बाईची ओव्हरी काढून गाठी कमी झाल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, का होतंय ते माहीत नसताना. सेमिनारला हा विषय घ्या, नक्की घ्या.

प्रश्न (नाशिक, वय ४१) : दीड वर्ष टॅमॉक्सिफेन घेतली. अंगातून अचानक वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप नाही, घरात सगळ्यांवर ओरडते. दोन महिन्यांपूर्वी कुणाला न सांगता बंद केली. आता बरं वाटतंय पण भीतीही वाटते. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते.

ताई, आधी हे सांगते की लाज वाटण्यासारखं यात काहीच नाही. असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, जगभरच्या अभ्यासांत हेच दिसतं की बऱ्याच जणी पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आधी ही गोळी सोडतात, आणि बहुतेक जणी न सांगता सोडतात. चूक तुमची कमी आणि आमची जास्त आहे, कारण चिठ्ठीवर वीस मिलिग्रॅम रोज एक असं लिहून देताना पुढे काय काय होईल हे सांगायला आमच्याकडे ओपीडीत वेळ नसतो आणि पेशंटला वाटतं जीव वाचला तेवढं पुरे, घामाची तक्रार काय करायची. करायची! हीच तक्रार करायची.

डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा आणि दोन महिने बंद होती हे स्पष्ट सांगा. दोन महिन्यांनी सगळं हातातून गेलं असं अजिबात नाही. त्रासावर उपाय आहेत. हॉट फ्लशेससाठी, म्हणजे तुमच्या या वाफांसाठी, व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी औषधं कमी डोसमध्ये देतात आणि फरक पडतो. गोळी सकाळऐवजी रात्री किंवा रात्रीऐवजी सकाळी घेऊन काही जणींना बरं वाटतं. तिखट, गरम चहा, बंद खोली यांनी वाफा वाढतात का ते स्वतः बघून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी गोळीच्या स्ट्रिपच्या मागे चांदीवर बॉलपेनने तारखा घालतात आणि ज्या रात्री घाम आला त्या तारखेला बारीक टिंब देतात, महिन्याला तीन स्ट्रिपा रबर बँड लावून आणतात, त्या टिंबांवरून मला कळतं की औषध लागू पडतंय की नाही, इतकी चांगली नोंद आमच्या फाईलमध्येही नसते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आणि हा भाग घरातल्यांनाही वाचायला द्या. झोप नाही, चिडचिड होते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगा. टॅमॉक्सिफेन लिव्हरमध्ये गेल्यावर तिथलं एक एन्झाइम तिचं जास्त ताकदीचं रूप बनवतं, आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, बुप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधं तेच एन्झाइम अडवतात. म्हणजे तुम्ही गोळी रोज इमानदारीने घ्याल पण ती अर्धवट काम करेल. व्हेनलाफॅक्सिनचा तसा त्रास नाही, म्हणून ती निवडतात. यातलं कुठलंही औषध स्वतःहून चालू किंवा बंद मात्र करायचं नाही.

आणि तुमचं वय ४१ आहे, पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरू नका, ही गोळी मुळात ओव्ह्युलेशन वाढवणारी निघाली होती हे वर वाचलंच. गर्भाला ती घातक आहे. कॉपर टी किंवा निरोध वापरा, हार्मोनच्या गोळ्या नको.

एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हे औषध रक्तात बरेच दिवस राहतं, एका दिवसाने बिघडत नाही. कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं हेही होतं आणि तेही बोलून दाखवा, हार्मोन नसलेली जेल मिळतात. तुमचा पुढचा मेल गोळी परत चालू केली असा यावा अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न (अहिल्यानगर) : सोयाबीन, दूध, तूप बंद करायचं का? एकांनी शतावरीचं चूर्ण घ्यायला सांगितलंय.

जेवणातलं सोयाबीन, टोफू, सोया वड्यांची भाजी चालते, त्याने कॅन्सर परत येतो असं अभ्यासात दिसलेलं नाही. दूध-तूपही बंद करायची गरज नाही, वजन फक्त वाढू देऊ नका. पण हार्मोन बॅलन्स करतं म्हणून विकली जाणारी चूर्णं, सोयाच्या कॅप्सूल, शतावरी, हे हार्मोनच्या ट्रीटमेंटवर असताना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न (ठाणे) : माझ्या बहिणीचं ऑपरेशन ठरलंय, वय ३८. पाळीच्या कुठल्या दिवशी ऑपरेशन करतात त्यावर पुढचं अवलंबून असतं आणि टाटामध्ये त्यासाठी हार्मोनचं इंजेक्शन देतात असं ऐकलं. खरं आहे का? तारीख पुढे ढकलू का?

तारीख ढकलू नका, हे पहिलं. पण तुम्ही ऐकलंत ते हवेतलं नाही, त्यामागे आपल्या मुंबईच्याच एका सर्जनचं बरंच मोठं काम आहे म्हणून सविस्तर सांगते.

डॉ. राजेंद्र बडवे, टाटा मेमोरियल सेंटरचे पुढे संचालक झाले ते, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये काम करत असताना त्यांनी आणि तिथल्या सहकाऱ्यांनी पाळी चालू असलेल्या २४९ बायकांची जुनी रेकॉर्ड काढून बघितली. पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यात दहा वर्षांनी ५४ टक्के हयात, बाकीच्या दिवसांत झालं त्यांच्यात ८४ टक्के. १९९१ मध्ये हे लॅन्सेटमध्ये आलं आणि खळबळ उडाली. तर्क असा होता की पाळीच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन असतं आणि त्याला तोलणारं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतं, अशा वेळी गाठीला हात लागला तर सुटलेल्या पेशींचं फावतं. नंतर इतरांनी आपापली रेकॉर्ड तपासली, काहींना तसंच दिसलं, काहींना काहीच फरक दिसला नाही. जुनी रेकॉर्ड बघून काढलेल्या निष्कर्षाचं हे असंच होतं, शिवाय पाळीची तारीख किती जणींना बरोबर आठवते हाही प्रश्न.

बडवे यांनी मग वाद घालत बसण्यापेक्षा ट्रायल केली, तीही परळला. विचार साधा होता, बाईची तारीख बघत बसण्याऐवजी ऑपरेशनच्या आधी सगळ्यांच्याच शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढवून ठेवलं तर? ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन, निम्म्या बायकांना दिलं, निम्म्यांना नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड. साधारण हजार बायका. २०११ मध्ये रिझल्ट आला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक ठामपणे म्हणण्याइतका नव्हता. पण काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेल्या बायका वेगळ्या काढल्या तर इंजेक्शन मिळालेल्यांत पाच वर्षांनी आजार न परतलेल्या ६५ टक्के आणि न मिळालेल्यांत ५५ टक्के, असा फरक दिसला.

आता हे कसं वाचायचं? माझं मत सांगते. एवढं स्वस्त इंजेक्शन, एकदाच द्यायचं, आणि दहा टक्क्यांचा फरक, मोह पडतोच. पण सगळ्या गटात फरक नाही आणि एका भागात आहे तर तो योगायोगही असू शकतो, म्हणून अशा रिझल्टवर पुन्हा वेगळी ट्रायल लागते. त्यामुळे आज हे इंजेक्शन जगभरच्या नेहमीच्या ट्रीटमेंटमध्ये नाही. तरी मला या कामाचं मोल फार वाटतं. पेटंटच्या महागड्या औषधांवर पैसे लावायला कंपन्या असतात, जुन्या स्वस्त औषधाला कुणी वाली नसतो, तो प्रश्न आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलने विचारला. याच विचारातून पुढे बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठ काढण्याच्या आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचून बघितलं, दात काढताना बधिर करायला देतात तेच, ती ट्रायल साधारण १६०० बायकांची, २०२३ मध्ये छापून आली आणि पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. बहिणीच्या सर्जनना हे विचारायला काहीच हरकत नाही, चांगला सर्जन चिडणार नाही. पण पाळीच्या तारखेसाठी ऑपरेशन पुढे नेऊ नका.

प्रश्न (बेळगाव, वय ५२) : पाच वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात अजून पाच वर्षं घ्या. मैत्रीण म्हणते या गोळीने गर्भाशयाचा कॅन्सर होतो. काय करू?

मैत्रीण खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतेय. टॅमॉक्सिफेन ब्रेस्टमध्ये इस्ट्रोजेनला अडवते पण गर्भाशयात आणि हाडांत थोडी इस्ट्रोजेनसारखीच वागते. हे दाखवणाऱ्यांत जॉर्डनच पुढे होते, १९८८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाच उंदराच्या शरीरात दोन मानवी गाठी वाढवल्या, एक ब्रेस्टची, एक गर्भाशयाची, आणि टॅमॉक्सिफेन दिल्यावर ब्रेस्टची थांबली आणि गर्भाशयाची वाढत राहिली. ज्या औषधावर आयुष्य लावलं त्याचाच धोका त्यांनी स्वतः जगासमोर मांडला, डॉक्टरांना सावध केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. हाडं मात्र या गोळीने टिकतात हेही त्यांच्याच लॅबमध्ये उंदरांवर दिसलं, आणि त्या धाग्यावरून रॅलॉक्सिफेन हे हाडांसाठीचं औषध पुढे आलं.

आता आकडे. अ‍ॅटलस नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये पाच वर्षं विरुद्ध दहा वर्षं अशी तुलना झाली. ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये पाचव्या ते चौदाव्या वर्षात ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू, पाच वर्षांवर थांबलेल्यांत १५ टक्के आणि दहा वर्षं घेतलेल्यांत १२.२ टक्के. गर्भाशयाचा कॅन्सर १.६ वरून ३.१ टक्के झाला, पण त्याने मृत्यू ०.२ वरून ०.४ टक्के, कारण तो बहुतेक वेळा लवकर लक्षात येतो. म्हणजे पारडं दहा वर्षांकडे झुकतं. पण सगळ्यांना दहा लागत नाहीत, काखेत आजार होता का, गाठ केवढी होती यावर ठरतं. तुमचं वय ५२, पाळी पूर्ण गेली असेल तर टॅमॉक्सिफेन थांबवून लेट्रोझोलवर जाणं हाही पर्याय आहे आणि त्यात गर्भाशयाचा हा धोका नाही, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. एका पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक दम लागला तरी तसंच, रक्ताच्या गुठळीचा धोका या गोळीने थोडा वाढतो.

प्रश्न (न्यू जर्सी, वय ३३) : लग्नाला वर्ष झालं आणि निदान झालं. पाच वर्षं गोळी म्हणजे मूल कधी? सासरी, माहेरी कुणी उघड बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात तेच आहे.

तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. २०२३ मध्ये पॉझिटिव्ह नावाची ट्रायल छापून आली, वय ४२ पर्यंतच्या पाचशेच्या वर बायका, दीड ते अडीच वर्षं हार्मोनची ट्रीटमेंट घेऊन झाल्यावर त्यांनी मुलासाठी दोन वर्षांपर्यंत ती थांबवली. तीन वर्षांत आजार परत येण्याचं प्रमाण ८.९ टक्के, आणि न थांबवलेल्या तशाच बायकांच्या जुन्या गटात ९.२ टक्के, म्हणजे तेवढंच. बऱ्याच जणींना मूल झालं. तीन वर्षं हा छोटा काळ आहे, हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो, म्हणून नंतर गोळी परत चालू करून राहिलेली वर्षं पूर्ण करायची हे यात आलंच. थांबवायची कधी हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टने ठरवायचं, गोळी थांबवल्यावर प्रयत्न सुरू करायच्या आधी औषध शरीरातून जायला काही महिने सोडतात. केमो व्हायची असेल तर त्याआधी अंडी किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याबद्दल आजच विचारा, तो विषय डॉक्टर स्वतःहून काढतीलच असं नाही. घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

प्रश्न (लातूर) : वडिलांना छातीत गाठ आली, ब्रेस्ट कॅन्सर निघाला, वय ६७. टॅमॉक्सिफेन दिली आहे. मेडिकलवाला म्हणाला ही बायकांची गोळी आहे. वडील घ्यायला तयार नाहीत, गावात कळेल म्हणून कुणाला सांगतही नाहीत.

बापड्या मेडिकलवाल्याने एका वाक्यात केवढं नुकसान केलं. पुरुषांनाही हा आजार होतो, ब्रेस्ट कॅन्सरच्या शंभर पेशंटमध्ये साधारण एक पुरुष असतो, आणि पुरुषांच्या गाठी बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्हच असतात कारण पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतंच. टॅमॉक्सिफेन हेच त्यांचं पहिलं औषध आहे, लेट्रोझोल पुरुषांना एकटी दिली तर तितकी चालत नाही. वडिलांना सांगा की गोळी बाई-पुरुष बघत नाही, रिसेप्टर बघते. तुमच्या डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याच तोंडून एकदा वडिलांना ऐकवा, या वयाच्या माणसाला मुलापेक्षा डॉक्टरचं पटतं.

आणि पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर झाला की बीआरसीए या, घराण्यातून येणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरशी संबंधित जीनची टेस्ट करायलाच हवी, बीआरसीए-टू मधला दोष असेल तर तो मुलामुलींकडे येऊ शकतो. ही रक्ताची टेस्ट आहे, आधी वडिलांची करायची, त्यात काही निघालं तर तुमची आणि तुमच्या बहिणींची. बहिणींची लग्नं झाली असली, त्या दुसऱ्या गावी असल्या तरी त्यांना हे कळवा.